भर उन्हातला कापूस: फोटो काढताना या चुका टाळा

पहिल्या वेचणीचे फोटो काढले तेव्हा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. संध्याकाळी लॅपटॉपवर पाहिले, तर बोंडांच्या जागी नुसते पांढरे डाग. वेचणाऱ्या मावशींना दाखवले, तर म्हणाल्या, "काहून रे, कापूस हाये का चुना सांडला?"

दोष काळ्या मातीचा, आणि तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या माझा. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून चालतं. चौकटीत काळी माती जास्त अन् बोंडं थोडी असली की त्याला वाटतं, अंधार आहे. ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवतं आणि कापसातले बारकावे उडतात. घरी गंजी लावली की नेमकं उलटं होतं, पांढराशुभ्र कापूस मळकट येतो. म्हणून वावरात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरचा अंदाज आपण कमी-जास्त करायची सोय) उणे १ स्टॉपपासून सुरू करा, गंजीपाशी अधिक १ पासून; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. पुढचं हिस्टोग्राम सांगेल, म्हणजे डावीकडे काळोख अन् उजवीकडे उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख.

दुपारच्या उन्हात स्क्रीनवर भरवसा ठेवणं ही दुसरी चूक. हिस्टोग्राम उजव्या काठाजवळ जावा, पण काठाला चिकटून भिंतीसारखा उभा राहू नये. पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की त्यापुढचा उजेड त्याच्या हिशेबात येत नाही. मग कोणतंही सॉफ्टवेअर बोंडाचे तंतू परत आणत नाही. सावलीचं तसं नाही. आजचे चांगले फुल-फ्रेम सेन्सर सर्वांत कमी आयएसओवर (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १४ स्टॉपच्या आसपास पल्ला देतात, त्यामुळे रॉ फाइलमधली (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) सावली दोन-तीन स्टॉप सहज उचलता येते. जेपेगमध्ये हे जमत नाही: तिथे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४-बिट रॉमध्ये १६,३८४. मात्र भीतीपोटी फोटो फारच काळा काढला, तर उचललेल्या सावलीत दाणे दिसतात.

हिस्टोग्रामही थोडा खोटं बोलतो. रॉ काढत असलात तरी बहुतेक कॅमेरे तो जेपेगवरून बनवतात, म्हणून पिक्चर स्टाइल (जेपेगचा रंग-उठाव ठरवणारी सेटिंग) सौम्य ठेवा. आणि नुसता पांढरा हिस्टोग्राम पाहू नका. फाल्गुनात पळस फुलला किंवा पोळ्याला बैलाच्या पाठीवर लाल झूल चढली, की एकटा लाल चॅनल आधी फुटतो. फूल सपाट, पाकळी गायब. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावला की कळतं.

आयएसओ आदल्या रात्रीच्या लग्नातला ८०० वर अडकलेला असतो, हे तर माझं नेहमीचंच. आयएसओ दुप्पट केला की पल्ला जवळपास एक स्टॉप घटतो.

डोक्यावरून पदर घेतलेल्या मावशींचा चेहरा काळा पडतो, तेव्हा फ्लॅश मारू नका. त्यांना गंजीजवळ बसवा. ऊन गंजीवर पडून पांढरा उजेड चेहऱ्यावर येतो, भाड्याच्या रिफ्लेक्टरपेक्षा मऊ.

मार्कंडा देवस्थानासारख्या जुन्या दगडी देवळात, आतला काळोख अन् दाराबाहेरचं ऊन एका फोटोत मावत नसेल, तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेऊन जोडा. तीच युक्ती बंडीच्या चालत्या बैलांवर केली तर एकाच बैलाला सहा शिंगं येतात.

शेवटी सावलीचा स्लायडर. मोह होतो, सगळं दिसावं असा. पण काळी माती राखाडी झाली की वावर विदर्भातलं वाटत नाही. तिथून थोडा मागे घ्या.