पावसाळी परसबाग: आधी गोगलगाय, मग वेल

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की सगळं घर पेरणीच्या मागे लागतं आणि परसाकडे बघायला कुणाला सवड नसते. शंखी गोगलगाय नेमकी त्याच दिवसांत बाहेर पडते. उन्हाळाभर ती दगडी गडग्याच्या फटीत, उकिरड्याच्या कडेला, न्हाणीमागच्या जागेत शंखाचं तोंड पातळ पडद्यानं बंद करून पडून असते. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत हिनंच सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त केले होते. शेतात पसरल्यावर ती आवरणं महागात पडतं. परसात मात्र चार-पाच गोणपाट आणि एक बादली एवढ्यावर भागतं.

तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. ओल्या भुसभुशीत मातीत एका वेळी शंभराच्या आसपास, मोठ्या साबुदाण्याएवढी पिवळसर पांढरी अंडी सापडतात. म्हणून पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस महत्त्वाचे. पाव किलो गूळ अडीच लिटर पाण्यात विरघळवा, त्यात गोणपाट भिजवा आणि दिवस मावळताना उकिरड्याजवळ, गडग्याच्या पायथ्याशी आणि आळ्यांच्या मधे अंथरा. सकाळी ऊन व्हायच्या आत उलटा, खाली गोळा झालेल्या दिसतील. हातमोजे किंवा चिमटा वापरून साबणाच्या किंवा दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. तिच्या चिकट स्रावातून माणसाला अपायकारक जंत लागू शकतात, त्यामुळे लेकरांना हे काम सांगू नका आणि तिथली पालेभाजी नीट धुऊनच घरात घ्या. मेलेल्या गोगलगायी खड्ड्यात पुराव्यात, उकिरड्यावर टाकू नयेत. खारं पाणीही झाडाच्या बुडाशी ओतू नये.

पुष्कळ जण थेट मिठाचं पोतंच फोडतात. गोगलगाय मरते, पण मातीही खारावते. वाफ्याभोवती चार इंच रुंद कोरड्या चुन्याचा पट्टा चालतो, मात्र तो भिजला की निकामी होतो, पाऊस उघडल्यावर पुन्हा टाकावा लागतो. आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी आधीच चुनखडीची, म्हणून तो बुंध्यापासून लांबच ठेवा. मेटाल्डिहाईडच्या, म्हणजे गोगलगायीच्या विषाच्या, गोळ्या शेताच्या बांधावर ठीक आहेत. कुत्रं, कोंबड्या, वासरं फिरतात त्या परसात त्या नकोतच.

गोल वेटोळं करून पडणारा पैसा, म्हणजे वाणी, तसा कुजका पालापाचोळाच खातो. पावसानं ताण दिला की उगवतं बी कुरतडतो. आळ्यातला कुजका कचरा काढला की बराच फरक पडतो.

वेलभाज्यांसाठी दीड फूट लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भरा आणि वर उंचवटा करा. काळ्या मातीत खोलगट आळं केलं की पाणी साचतं आणि बी सडतं. बी न उगवण्याचं हेच मोठं कारण, दोष मात्र बियाण्याला दिला जातो. कारल्याचं बी रात्रभर भिजवा, इंचभर खोल टोका, एका जागी तीन बिया लावून पुढे दोनच रोपं ठेवा. दुधी-भोपळ्याचं रोप दोन पानांवर असताना त्यावर लाल भुंगेरा तुटून पडतो. सकाळी दव असताना चाळलेली राख धुरळली आणि सुस्त असलेले भुंगे वेचले तर रोप वाचतं. चार-पाच पानं झाली की धोका बराच ओसरतो.

मारण्याआधी किडा ओळखा. वालाच्या शेंड्यावर मावा खाणारा ढालकिडा तुकतुकीत असतो. त्याची काळी-नारिंगी, काटेरी दिसणारी अळीही मावाच खाते आणि दिसायला ओंगळ म्हणून बिचारी मारली जाते. कारल्या-वांग्याच्या पानांची जाळी करणारा भुंगा त्याच आकाराचा, पण अंगावर बारीक लव असलेला, मळकट, बऱ्याच ठिपक्यांचा असतो. त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या पानामागे सापडतात, त्या चिरडा. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर काडीनं हलवून बघा. ती फुलपाखराची अळी निघते. पाच-सहा अळ्या लहान रोपाचा खराटा करतात.

दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, कारलं आणि लाल भोपळा पहाटे. फवारा फुलावर येऊ देऊ नका, नाहीतर फळधारणाच कमी होते. कळी गळते, फळ वाकडं होतं, आत अळी निघते, ही फळमाशी. वेलभाज्यांना क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा लागतो. आंब्या-पेरूचा मिथाईल युजेनॉलचा सापळा दोडक्यात टांगून उपयोग नाही. किडकी फळं बांधावर न फेकता दोन फूट खोल पुरा.

फवाऱ्याला निंबोळी सध्या फुकट मिळते. पिकून पडलेली निंबोळी रोज वेचा, गर धुऊन काढा, बी सावलीत वाळवा. अर्धा किलो भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी कापडातून गाळा, वीस ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून दहा लिटर करा आणि उन्हं उतरल्यावर त्याच दिवशी संपवा. काळी पडलेली, बुरशी धरलेली निंबोळी घेऊ नका.