स्ट्रॉबेरीचे रोप विकण्याआधी

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीची लावण सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारे रोप ऐन पावसाळ्यात वाढलेले असते. रोपवाटिकेतील बहुतेक दुखणी याच पावसातून येतात. म्हणून जागा निवडताना पाण्याच्या सोयीइतकाच पाण्याच्या निचऱ्याचा विचार करावा, आणि ज्या जमिनीत आदल्या हंगामात स्ट्रॉबेरी, टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती, तेथे मातृरोपे, म्हणजे ज्यांपासून नवी रोपे धरायची ती झाडे, लावू नयेत, कारण मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते.

स्ट्रॉबेरीची व्यापारी अभिवृद्धी बियांपासून न करता रनरपासून, म्हणजे झाडातून जमिनीलगत पसरणाऱ्या लांब फुटव्यांपासून, करतात. रनरचे रोप मातृरोपाची हुबेहूब प्रत असते. त्यामुळे विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली या जातींचे गुण जसे पुढे उतरतात, तसाच मातृरोपातील विषाणू आणि क्राऊनमधील, म्हणजे पाने आणि मुळे जिथून फुटतात त्या आखूड खोडातील, सडही पुढे उतरते. मागच्या वर्षीच्या फळांच्या प्लॉटमधील थकलेल्या झाडांचे रनर धरून पैसे वाचवण्याचा मोह होतो, तो आवरावा. मातृरोपे खात्रीच्या ठिकाणाहून दरवर्षी नवी आणावीत, आणि त्या जातीची रोपे वाढवून विकण्याची मुभा आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

मातृरोपे उंच गादीवाफ्यावर ऐसपैस अंतरावर लावून ठिबकने पाणी द्यावे. फुले दिसताच खुडावीत. फळाकडे जाणारी ताकद रनरकडे वळवायची असते. मोठा दिवस आणि उबदार हवा मिळाली की रनर जोमाने सुटतात, आणि त्यांच्या प्रत्येक दुसऱ्या पेरावर पिल्लू, म्हणजे नवे छोटे रोप, धरते. पिल्लाच्या बुडाशी मुळांचे बारीक पांढरे फुगीर ठिपके दिसू लागले की ते माती, कुजलेले शेणखत आणि कोकोपीटच्या मिश्रणाने भरलेल्या पिशवीवर टेकवून वाकवलेल्या तारेने हलकेच दाबावे. पोंगा, म्हणजे मधला कोवळा कोंब, मातीत गाडला जाणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे, कारण गाडलेला पोंगा पावसात हमखास कुजतो. साधारण चार-पाच आठवड्यांत पिशवीत मुळे धरली की रनर कापावा आणि कात्री अधूनमधून निर्जंतुक करून घ्यावी.

पावसाचा थेंब मातीवर आपटून पानांवर उडतो आणि करपा रोग त्याच्यासोबत पसरतो. वर प्लास्टिकचे आच्छादन, बाजूंनी मोकळी हवा आणि पिशव्यांखाली मल्चिंग पेपर एवढी तजवीज केली, तर फवारण्या बऱ्याच कमी होतात. उघडीप पडली की लाल कोळी ही बारीक कीड येते. ती पानाच्या खालच्या बाजूला भिंगाने शोधावी लागते.

आता परीक्षा. विक्रीच्या आधी प्रत्येक वाफ्यातून चार-पाच रोपे उचलून पिशवी फाडावी. मुळे पांढरट आणि भरगच्च असावीत. तपकिरी पडलेली आणि चिमटीत धरताच साल सुटून आतला दोरा उरणारी मुळे सडलेली समजावीत. मग क्राऊन ब्लेडने उभा चिरावा. आतला भाग पांढराशुभ्र असेल तर रोप निरोगी आहे. त्यात तांबूस-तपकिरी रेघा किंवा डाग असतील, तर पाने कितीही हिरवी असली तरी तो वाफा विकू नये. एका वर्षी मी पानांच्या टवटवीवर विसंबून ही चिरफाड टाळली होती. ऑक्टोबरच्या उन्हात गिऱ्हाइकाच्या शेतात ओळीच्या ओळी माना टाकून बसल्या. रोपांचे पैसे मी परत केले, पण लावणीचा निघून गेलेला महिना कुणालाच परत देता आला नाही.

रोपे देण्याआधी आठ-दहा दिवस सावली हळूहळू काढावी, नत्र थांबवावे आणि पाणी थोडे आखडते घ्यावे, म्हणजे रोप काटक होते. फळरोपवाटिकेसाठी कृषी विभागाचा परवाना लागतो, तो आधीच काढून ठेवावा. आगाऊ नोंदणी घेताना लावणीची तारीख विचारून त्यावरून उलटे दिवस मोजावेत, कारण वेळेआधी तयार झालेली रोपे पिशवीतच मुळांचे वेटोळे करून बसतात. पावतीवर जात, रोपांची संख्या आणि तारीख स्पष्ट लिहावी. वाहतूक क्रेटमधून, संध्याकाळनंतर आणि मुळे ओलसर ठेवून करावी. रोपे उतरवताना क्राऊन मातीच्या पातळीवर ठेवून लावण्यास सांगावे, नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरण्यासाठी थोडी जादा रोपे द्यावीत, आणि आठवड्याने स्वतः त्या शेतात जाऊन नवे पान फुटले आहे की नाही ते पाहून यावे.