शेततळ्यातली ओहोटी : वैशाखात मोत्याचे शिंपले कसे सांभाळाल

एप्रिल-मेच्या उन्हात शेततळ्यातलं पाणी रोज साधारण एक सेंटिमीटर उडून जातं. म्हणजे महिन्याला फूटभर. त्यात मोसंबीला, डाळिंबाला उपसा चालू असला तर पातळी झपाट्याने उतरते. मोत्यासाठी शिंपले पाळलेल्यांनी उद्या पहाटे तळ्यावर जाऊन आधी एकच बघावं : जाळीच्या पिशव्या ज्या दोरीला टांगल्यात, ती दोरी कशाला बांधली आहे? काठावरच्या खुंट्यांना ताणून बांधली असेल, तर पाणी खाली जातं आणि पिशवी तिथेच राहते. माझं पहिल्या उन्हाळ्यात हेच झालं. लग्नसराईत चार दिवस तळ्याकडे फिरकलो नाही. परत आलो तेव्हा वरची रांग उघड्यावर लटकत होती आणि वास बांधावरूनच येत होता.

कोकणातली कालवं, शिणाणे हे समुद्रातले शिंपले दिवसातून दोनदा असे उघडे पडतात, तरी जगतात. ओहोटी लागली की शिंपला घट्ट मिटतो, आत घोटभर पाणी धरून ठेवतो. हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर प्राणवायूशिवाय भागवू लागतं. उन्हाने बिघडलेली प्रथिनं सावरायला पेशी वेगळी प्रथिनं बनवतात. पण हे फुकट होत नाही. साठवलेली ताकद संपत जाते, आत आम्ल साचतं आणि ते मारायला कवचातला चुना विरघळतो. आपला मोतीही त्याच चुन्याचा. जीव वाचवण्यात गुंतलेला शिंपला मोत्यावर थर चढवणार नाही.

शिवाय समुद्रात सहा तासांनी भरती येते. तरीही २०२१च्या जूनमध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आणि भर दिवसाची ओहोटी एकाच वेळी आली, तेव्हा जन्मभर ओहोटी सोसणारे शिंपलेसुद्धा खडकांवर शिजून मेले. आपल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला तेवढाही सराव नाही. नदी आटू लागली की तो गाळात रुतून बसतो. पिशवीत गाळ कुठला? आणि मराठवाड्यातल्या या ओहोटीला मृगाआधी भरती नाही.

म्हणून दोरी खुंट्यावरून सोडा आणि तरंगत्या आधाराला बांधा. तोंडं बंद केलेले पीव्हीसी पाइप किंवा झाकण घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन चालतात. पाणी उतरेल तशा पिशव्याही उतरतील. पिशवी पृष्ठभागाखाली मीटरभर हवी. वरचा हातभर थर दुपारी तापतो, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात तर जास्तच. पण पिशवी तळाला टेकू देऊ नका. तिथे कुजणारा गाळ असतो आणि प्राणवायू कमी. म्हणजे पाच फूट पाणी तरी शिंपल्यांसाठी राखावं लागेल. बाग की शिंपले, हा हिशोब आत्ताच करा. पाणी पुरणार नसेल तर शेजाऱ्याच्या खोल तळ्यात हलवलेले बरे.

हलवायचं तर पहाटे. ओल्या गोणपाटात गुंडाळून, सावलीत न्या. बादलीभर पाण्यात शेकडो शिंपले दाटून नेऊ नका, तेवढ्या पाण्यातला प्राणवायू लगेच संपतो. नव्या पाण्यात एकदम न टाकता तिथलं पाणी थोडं थोडं शिंपडत अर्धा तास जाऊ द्या. हात लागताच मिटतो तो धडधाकट. सावकाश मिटतो तो थकलेला, त्याची पिशवी वेगळी ठेवा. उघडाच राहिला तर लगेच काढा, एक मेलेला सोबत्यांचं पाणी नासवतो. पिशव्यांवरचं शेवाळही पहाटेच घासा.

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उकाड्यात जिवाची गरज मात्र वाढते. सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू खातं. रात्रीची थ्रीफेज लाइट असेल तेव्हा मोटार लावून तळ्याचंच पाणी फवाऱ्याने परत तळ्यात पाडा. बोअरचं पाणीही असंच उंचावरून सोडा, थेट नळी बुडवून नको. शेवाळ वाढावं म्हणून तळ्यात सोडतो तो शेणकाला मे महिन्यात अगदी कमी करा. पाणी हिरवंगार दिसलं की खुश होतो आपण, पण तेच पहाटे घात करतं. शेडनेट फक्त पिशव्यांच्या रांगेवर टाका. पूर्ण तळं झाकलं तर शिंपल्यांचं अन्न असलेलं शेवाळच वाढणार नाही.

शिंपल्यात मोत्याचं बीज बसवायची नवी शस्त्रक्रिया आता करू नका, जखम भरायला थंडीच बरी. आणि कोणी 'शिंपले घ्या, मोती आम्ही हमीने विकत घेऊ' म्हणत दारात आलं, तर मे महिन्यात तर नकोच नको.

वळवाचा पाऊस पडला की ढिलाई करू नका. थंड पाणी वरून आलं की तळाचं घाण पाणी उसळून वर येतं. त्या रात्री मोटार चालू ठेवा, सकाळी प्रत्येक पिशवी हाताळा. कपाशी-सोयाबीनच्या फवारण्या सुरू होण्याआधी तळ्याच्या वरच्या अंगाला चर खणून शेतातलं वाहतं पाणी बाजूला वळवा.