इंग्रजी आडनावाचा अर्थ शोधताय? या चुका टाळा

वॉकर म्हणजे चालणारा, हे मला परत कोणी सांगू नका प्लीज. आडनाव बघायचं, डिक्शनरी उघडायची, आजचा अर्थ चिकटवायचा आणि मोकळं व्हायचं, नवीन लोकांची ही घाई बघून खरंच जीव तुटतो.

माझी मावसबहीण यॉर्कशरला असते, नवरा वॉकर. नवीन घर घेतलं तेव्हा तिने हौसेने ऑनलाइन फ्रेम मागवली, त्यात ढाल, सिंह आणि खाली 'दूरदेशी फिरणारं शूर घराणं'. फोटो बघून मला फार वाईट वाटलं, कारण पैसे गेले ते गेलेच आणि त्यातलं काहीच खरं नाही.

अहो, वॉकर म्हणजे कापड तुडवणारा! मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरळ असायचं, मग ते हौदात टाकून, पाणी, शिळी लघवी, एक प्रकारची चिकणमाती घालून अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं, तेव्हा कुठे ते आटून दाट व्हायचं. बाराव्या शतकापासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करायला लागले, पण नाव टिकलं. आणि याच धंद्याला उत्तरेकडे वॉकर, आग्नेयेकडे फुलर, नैऋत्येला डेव्हनकडे टकर, म्हणून मी अर्थाच्या आधी जिल्हा बघते. १८८१ च्या जनगणनेत ते आडनाव कुठे दाटीने आहे ते बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

ढालीचं, म्हणजे ढालीवर काढलेल्या मानचिन्हाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये ती आडनावाला मिळतच नाही, एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशात वारशाने चालते. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून हेच काम बघतंय. आडनाव टाका, ढाल घ्या, असं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

बाकीच्या चुका पटापट सांगते. फार्मर म्हणजे शेतकरीच असं धरू नका, जुना अर्थ ठरावीक रकमेवर वसुलीचा मक्ता घेणारा, आपल्याकडचा इजारदार. कॉवर्ड म्हणजे भित्रा नाही, गुराखी. डिक्सन हा डिकचा मुलगा, आणि डिक म्हणजे रिचर्ड. स्पेलिंगवर भांडू नका, चर्चची दप्तरं १५३८ पासूनची, लिहिणारा कानाला आलं तसं लिहायचा, शेक्सपिअरच्या सहा सह्या उरल्यात त्यातही स्पेलिंग एकसारखं नाही. आणि सगळे वॉकर भाऊबंद नसतात, कापड तुडवणारे गावोगाव होते.

आजोबा, पणजोबा असं एकेक पिढी मागे जा, वहीत वर्ष, गाव आणि त्या कागदावरचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. थेट १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत उडी मारू नका, तेव्हा बहुतेकांना पिढीजात आडनावच नव्हतं.

बहिणीने फ्रेम उतरवली. आता तिथे १८८१ च्या जनगणनेच्या पानाची प्रत आहे, नवऱ्याच्या खापरपणजोबांची ओळ असलेली. आडनाव वॉकर, धंदा कोळशाची खाण, जसे आपले कित्येक कुलकर्णी दप्तर सोडून भलत्याच नोकरीत.