कबड्डीच्या पोरांचे गुडघे: आधी फोनचा कॅमेरा लावा, गॅजेट नंतर

आमच्या पेठेतल्या मंडळाची पोरं मातीवरनं मॅटवर आली आणि गुडघ्याच्या तक्रारी वाढल्या. मातीत पाय जरा सरकतो, मॅटवर बूट चिकटून बसतो, वरचं अंग वळतं आणि मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो. लगेच कोणीतरी म्हणालं जीपीएसवाली बनियन घ्या, पोरं किती पळतात ते मोजणारी. अरे, वर्गणी किती जमते आपली?

त्यापेक्षा फोनमध्ये स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेमचं असेल तर उत्तम, १२० पण चालतं. फोन गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर समोर, चार-पाच पावलं लांब टेकवून ठेवा, हातात धरू नका. पोराला फूटभर उंच खोक्यावरून उतरून लगेच वर उडी मारायला सांगा, तीनदा, मग एकेका पायावर उतरायला लावा. बघायचं काय, तर गुडघ्याची वाटी पायाच्या बोटांच्या रेषेत राहते की आत पडते, आणि पाय ताठ ठेवून धप्पकन उतरतोय का. आमच्या डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या पोराने स्वतःचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "दादा, हा माझाच पाय आहे का?" मी महिनाभर तेच ओरडत होतो, ऐकलं कोणी! पण व्हिडिओवरून कोणाला दुखापत होणार हे कळत नाही बरं का, काय शिकवायचं तेवढं कळतं.

शिकवायला फुटबॉलवाल्यांचा फिफा ११+ हा दुखापत टाळायचा वॉर्म-अप घ्या, वीसेक मिनिटं, आठवड्यातनं निदान दोनदा, आणि सहा-आठ आठवड्यांनी परत शूट करा.

दुसरं म्हणजे सरावाचा भार लिहून ठेवायला गुगल शीट. सराव संपला की अर्ध्या तासाने विचारायचं, ० ते १० मध्ये किती दमलास? त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं, ९० मिनिटं आणि ७ म्हणजे ६३०. स्पर्धेच्या आठवड्यात आकडा एकदम उडाला तर दुसऱ्या दिवशी पकडी बंद, नुसतं फूटवर्क.

अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या टॅकलच्या, म्हणजे समोरच्याला धरून पाडायच्या, सरावाला रिमोटवर पळणारा डमी बनवला, म्हणजे पोरं एकमेकांवर आदळायला नकोत. आम्ही जुनी गादी दोरीने गुंडाळून थाय होल्ड, म्हणजे मांडीची पकड, मारतो, दोघांनी ओढायची, मजा येते.

डोक्याला मात्र ॲप-बिप काही नाही. डॅशमध्ये, म्हणजे चढाईवाल्याला धडक देऊन बाहेर ढकलताना, डोकं आपटलं आणि पोरगं गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी परत मॅटवर नाही, फायनल असली तरी, आणि उलटी झाली किंवा तोच प्रश्न परत परत विचारायला लागलं तर थेट हॉस्पिटल.

आणि हो, पोरांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, आधी आईवडलांना विचारा.