घर घेण्यापूर्वी मालकीचा प्रकार कसा ताडून पाहावा

दोन घरांच्या किमती शेजारी शेजारी मांडण्याआधी, त्या किमतीत नेमके काय विकले जात आहे हे कागदावर लिहून काढावे. जमीन व बांधकाम दोन्ही कायमचे मिळणार, इमारतीतील सदनिका आणि जमिनीतील अविभक्त (वाटणी न झालेला, सामाईक) हिस्सा मिळणार, ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा मिळणार, की सहकारी संस्थेचे भाग (शेअर) व त्यासोबत राहण्याचा हक्क मिळणार, यावर पुढचे बहुतेक प्रश्न अवलंबून असतात. जाहिरातीत या चारही गोष्टींना सर्रास ‘स्वतःचे घर’ म्हटले जाते; म्हणून विक्रेत्याकडून मूळ दस्ताची प्रत मागावी आणि उत्तर तिच्यातच शोधावे.

जमिनीसह पूर्ण मालकीच्या घराची तपासणी त्यातल्या त्यात सरळ असते. मालकीची साखळी (आधीचे मालक व हस्तांतरणे), बोजा (मालमत्तेवरील कर्ज वा दावे), हद्दी आणि रस्त्याचा हक्क एवढे नीट पाहिले की बराचसा भाग उरकतो.

भाडेपट्ट्याच्या घराला मात्र जास्त वेळ द्यावा. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माणातील सदनिका ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकल्या जातात आणि चीनमध्ये निवासी जमिनीचा वापरहक्क ७० वर्षांचा असतो. पण खरेदीदाराने मूळ मुदत नव्हे, तर उरलेली वर्षे मोजायची असतात. ती फार कमी झाली की कर्ज मिळणे कठीण होते, आणि आपल्याला कर्ज मिळाले तरी उद्या आपल्याकडून घेणाऱ्याला मिळेलच असे नाही. जमिनीचे भाडे किती वर्षांनी व कोणत्या सूत्राने वाढते, नूतनीकरण हक्काने मिळते की जमीनमालकाच्या मर्जीने, विकताना वा मोठे फेरफार करताना त्याची परवानगी लागते का, ही कलमे स्वतः वाचावीत. दलालाचे तोंडी आश्वासन येथे हिशेबात धरू नये.

सदनिकेच्या बाबतीत सामाईक भागांची जबाबदारी कोणाची, देखभाल शुल्क कशाच्या प्रमाणात आकारले जाते आणि मोठ्या दुरुस्तीसाठी निधी साठला आहे का, हे मागील काही वर्षांच्या हिशेबांतून व सभांच्या इतिवृत्तांतून कळते. कमी शुल्क पाहून हुरळून जाऊ नये. अनेकदा तो पुढे ढकललेला खर्च असतो. सहकारी संस्थेत याशिवाय सदस्यत्वाचे नियम, हस्तांतरण शुल्क, घर भाड्याने देण्यावरील बंधने आणि संस्थेच्या डोक्यावरील कर्ज पाहावे. न्यूयॉर्कमधील सहकारी इमारतींत खरेदीदाराने संस्थेच्या संचालक मंडळापुढे मुलाखत देणे नेहमीचे आहे, म्हणजे पैसे तयार असूनही घर मिळेलच अशी खात्री नसते.

घर दोघांच्या नावे घ्यायचे असेल, तर केवळ दोन नावे लिहून भागत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये संयुक्त मालकीच्या एका प्रकारात एकाच्या मृत्यूनंतर, मृत्युपत्रात काहीही लिहिले असले तरी, सारे घर हयात सहमालकाकडे जाते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहतो आणि त्याच्या वारसांकडे जातो. आपल्याला लागू असलेला कायदा याबाबत काय गृहीत धरतो ते वकिलाला विचारून हिश्शांचे प्रमाण दस्तात स्पष्ट लिहून घ्यावे, विशेषतः दोघांनी घातलेली रक्कम असमान असेल तेव्हा. हप्ते कोण किती भरणार, एकाला बाहेर पडायचे झाल्यास दुसऱ्याला आधी विचारणे बंधनकारक राहील का, आणि तेव्हाची किंमत कोण ठरवणार, याचा लेखी करार विसार देण्यापूर्वीच करावा.