यवतेश्वर घाटात पेट्रोल गाडी तापू नये म्हणून

साताऱ्याजवळचं कास पठार फुललं की शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते आणि सोमवारी माझ्या गॅरेजात तापलेल्या गाड्या येतात. यातलं बरंचसं टाळता येतं, म्हणून सविस्तर सांगतोय.

वॅगन-आर, आल्टो यांत आलेलं के-१०-बी इंजिन घ्या. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) आणि हेड (त्यावरचं झाकण) दोन्ही ॲल्युमिनियमचे. ताकद ६८ पीएस, पण ती ६२०० आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ९० न्यूटन मीटर, तो ३५०० ला. घाटात कामाला येतो तो हा दुसरा आकडा. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हायला लागली की ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. इंजिन नॉक करतं, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज येतो, शिवाय वॉटर पंप इंजिनवरच फिरत असल्यानं कूलंटही (इंजिन गार ठेवणारं द्रव) संथ फिरतं. सरळ दुसरा टाका. आवाज वाढतो, वाढू द्या.

रांगेत समोरून वारा मिळत नाही, सगळा भार रेडिएटरच्या फॅनवर. निघण्याआधी गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवून फॅन लागतो का बघा. फ्यूज उडालेला किंवा रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच) गेलेला असला तर तिथेच कळतं.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, हे कळकळीनं सांगतो. रेडिएटर उघडला की नळ्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार थरावर थर बसलेला दिसतो, काही नळ्यांत सुईसुद्धा जात नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं चालतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. चिरलं असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. झाकण स्वस्तात मिळतं.

अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, थेट लाल दिवा लागतो. लागला की एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास तरी हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. गार पाणीही लगेच ओतायचं नाही, तापलेलं हेड तडकू शकतं.

घाटात गाडी झटके देत मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर आधी प्लग आणि कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तपासा. या इंजिनात प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. कॉइलच्या जागा आपसात बदलून पाहिल्या की खराब कॉइल सापडते.

तापल्यानंतर ऑइल दुधाळ दिसलं किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं समजा. अशी गाडी चालवत आणू नका, टो करून आणा. हेडला बाक आला असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागतं, आणि तशीच दामटलेल्या गाडीचं हेड कधीकधी फेसिंगच्याही पलीकडे जातं.